ग्रेड ९ नंतर फ्रेंच सोडू द्यावं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताई मिसिसागाला राहतात, टोरोंटोच्या शेजारी. मुलगी ग्रेड ९ मध्ये आहे आणि चौथीपासून शाळेत फ्रेंच शिकतेय, कारण ऑन्टारिओत ते कम्पल्सरी आहे. आता ग्रेड ९ चं एक क्रेडिट, म्हणजे एक कोर्स, झालं की सुटका. मुलगी म्हणते पुढच्या वर्षी फ्रेंच नको, त्या जागी कॉम्प्युटर घेते, आपल्या एरियात पंजाबी ऐकू येतं, उर्दू येतं, अगदी मराठीसुद्धा येतं, फ्रेंच कोण बोलतंय? बाबा तिच्या बाजूने. त्यांनी स्वतः अकरावी-बारावीला मार्कांसाठी मराठी सोडून फ्रेंच घेतलं होतं, मार्क भरपूर पडले आणि आज स्वतःचं नाव सांगण्यापलीकडे काही आठवत नाही. ताईंना मात्र गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी सांगितलंय की कॅनडात सरकारी नोकरी हवी तर फ्रेंच पाहिजेच, त्यामुळे त्या काळजीत. मुलीला बायोलॉजी आवडतं, नर्सिंग नाहीतर पब्लिक हेल्थ असं काहीतरी डोक्यात आहे. आणि जाता जाता फ्रेंच शिकून कॅनडाला येऊ बघणाऱ्या पुण्यातल्या भाच्याबद्दलही विचारलंय, त्याच्याकडे नंतर येते.

माझं मत आधीच सांगून टाकते. ग्रेड १२ पर्यंत फ्रेंच चालू ठेवावं, पण बी२ लेव्हलपर्यंत (ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांतली चौथी) जायचं ठरवूनच. तेवढं करायची तयारी नसेल तर आत्ताच सोडलेलं बरं, उगाच तीन वर्षं रडतखडत क्रेडिटं भरायची आणि शेवटी बाबांसारखं नाव सांगता येणार, त्याला काही अर्थ नाही. अर्धवट फ्रेंचला नोकरीच्या बाजारात किंमत नाही, रेझ्युमेवर "बेसिक फ्रेंच" लिहिलेलं कुणी वाचतही नाही.

आता मुलीचा मुद्दा घेऊ, कारण तिचं अगदीच चूक नाहीये. कॅनडा द्विभाषिक देश आहे म्हणजे काय, तर १९६९ च्या ऑफिशियल लँग्वेजेस अ‍ॅक्टने फेडरल, म्हणजे केंद्र सरकारवर बंधन घातलं की लोकांना इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत सेवा द्यायची. बंधन सरकारवर आहे, माणसावर नाही. तुमच्या शेजाऱ्याने फ्रेंच शिकलंच पाहिजे असं कुठलाही कायदा म्हणत नाही. २०२१ च्या जनगणनेत दोन्ही भाषांत बोलू शकणारे लोक देशभरात १८ टक्के निघाले. त्यातही क्वेबेकमध्ये ४६ टक्क्यांच्या वर आणि क्वेबेकच्या बाहेर साडेनऊ टक्के. म्हणजे दोन भाषांचा भार मुख्यतः फ्रेंचवाल्यांनीच उचललाय, इंग्रजीवाले बहुतेक निवांत आहेत. प्रांतांमध्ये अधिकृतपणे द्विभाषिक म्हणाल तर एकटा न्यू ब्रन्सविक, बाकी क्वेबेक फ्रेंच आणि उरलेल्या ठिकाणी कमी-जास्त प्रमाणात इंग्रजीच. त्यामुळे कॅल्गरीत किंवा व्हँकुव्हरमध्ये नर्स म्हणून अख्खं करिअर फ्रेंचशिवाय होतं, हजारो लोक करतात, त्यांना काही कमी पडत नाही. टोरोंटोच्या आयटी कंपनीतही कुणी विचारत नाही. हे तिला मोकळेपणाने सांगा, नाहीतर तिला वाटेल आई नुसती घाबरवतेय.

पण तिने "आपल्या एरियात" म्हटलं ना, तिथेच गडबड आहे. पंधराव्या वर्षी माणसाचा एरिया शाळा, मॉल आणि मैत्रिणीचं घर एवढाच असतो. शिकून नोकरीला लागायला तिला अजून सात-आठ वर्षं आहेत आणि पब्लिक हेल्थ म्हटलं की रस्ता कुठे जातो बघा. हेल्थ कॅनडा, पब्लिक हेल्थ एजन्सी, यांचा बराचसा कारभार राजधानीतून, ओटावातून चालतो. तिथलं गणित वेगळं आहे.

हे जरा नीट सांगते, कारण मंडळात मिळालेली माहिती अर्धी खरी असते. फेडरल सरकारच्या सगळ्या जागांना फ्रेंच लागत नाही. ढोबळमानाने पाचातल्या दोन जागा बायलिंग्वल म्हणून ठरवलेल्या असतात, बाकीच्यांना एकच भाषा चालते. पण या बायलिंग्वल जागा देशभर सारख्या पसरलेल्या नाहीत, ओटावा-गॅटिनो भागात त्यांचं प्रमाण खूप जास्त आहे, तिथे अर्ध्याहून बऱ्याच जास्त जागा तशा आहेत, आणि पश्चिमेकडे गेलं की अगदी थोड्या. प्रत्येक जागेला लेव्हल लावलेली असते, ए, बी आणि सी, वाचन, लेखन आणि बोलणं अशा तीन गोष्टींना तीन अक्षरं (ही सरकारची वेगळी मोजपट्टी, वरच्या बी२शी गल्लत नको). म्हणजे जाहिरातीत सीबीसी दिसलं तर ते रेडिओवालं सीबीसी नव्हे, वाचन सी, लेखन बी, बोलणं सी. ही परीक्षा सरकार स्वतः घेतं, शाळेचे मार्क तिथे कुणी बघत नाही.

आता खरी मेख. सुरुवातीच्या जागेवर फ्रेंचशिवाय लागणारी मुलं पुष्कळ असतात, आपलीही आहेत, हुशार, कामसू. चार-पाच वर्षं छान जातात आणि मग सुपरवायझर व्हायची वेळ येते. बायलिंग्वल समजल्या जाणाऱ्या भागांत हाताखालच्या माणसाला त्याच्या भाषेत काम करायचा हक्क आहे, त्यामुळे वरच्याला दोन्ही भाषा याव्या लागतात. आधी अशा सुपरवायझरच्या जागांना बीबीबी पुरायचं, जून २०२५ पासून नव्या नेमणुकांना सीबीसी केलंय. बोलण्यात सी म्हणजे नुसतं हवापाण्याचं बोलणं नाही, एखाद्याला त्याचं काम का चुकलं ते समजावून सांगता आलं पाहिजे, वाद झाला तर आपली बाजू मांडता आली पाहिजे. मग चाळिशीतला माणूस, घरी दोन लहान मुलं, कर्ज, आणि हा संध्याकाळी सबजाँक्टिफसारखं फ्रेंच व्याकरण घोकत बसलाय आणि तोंडी परीक्षेत अडकतोय. मी अशी माणसं जवळून बघितलीत आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक जण हेच म्हणतं की शाळेत असताना केलं असतं तर बरं झालं असतं.

बायलिंग्वल जागेवर पगाराखेरीज मिळणाऱ्या बोनसबद्दलही तुम्ही लिहिलंय. तो वर्षाला ८०० डॉलर आहे, १९७७ पासून तेवढाच, त्या वेळी त्यात काहीतरी येत असेल, आता टॅक्स कापून जे उरतं त्यात महिन्याचा किराणाही धड होत नाही. त्यासाठी कुणी भाषा शिकू नये. फायदा आहे तो बढतीत आणि अर्ज करता येतील अशा जागांची संख्या वाढते त्यात. आणि हो, सध्या फेडरल सरकार माणसं कमी करतंय, त्यामुळे फ्रेंच आलं की ओटावात नोकरी पक्की असलं काही डोक्यात घेऊ नका. जागा कमी झाल्या की उलट जिथे एकाच माणसात दोन्ही भाषा मिळतील तिथे आधी बघितलं जाईल, असं मला वाटतं.

नर्सिंगचं म्हणाल तर सरकारी नोकरीपेक्षा तिथे मला फ्रेंचचा उपयोग जास्त दिसतो. ऑन्टारिओत फ्रेंच बोलणारे सहा लाखांहून जास्त लोक आहेत, ओटावात, सडबरीत, टिमिन्स-हर्स्टच्या बाजूला. ओटावाचं मॉन्टफोर्ट हॉस्पिटल तर फ्रेंचमधूनच चालतं, १९९७ मध्ये प्रांतिक सरकार ते बंद करायला निघालं होतं, लोक रस्त्यावर आले, कोर्टात गेले आणि जिंकले. का एवढं? कारण आजारी माणूस, त्यातून म्हातारा, घाबरला की स्वतःच्या भाषेत बोलतो. तुमच्या सासूबाईंना इमर्जन्सीत इंग्रजीतून कुठे दुखतंय ते सांगायला लावा, मग मुलीला हा मुद्दा वेगळा समजवावा लागणार नाही. आणि गंमत म्हणजे तुमचं मिसिसागासुद्धा ऑन्टारिओच्या फ्रेंच सेवा कायद्याखाली येतं, १९८६ चा कायदा आहे, त्याखाली ठरवलेल्या भागांत प्रांतिक सरकारच्या ऑफिसात फ्रेंचमधून सेवा मागता येते. म्हणजे तिच्या एरियात फ्रेंच कुणी बोलत नाही हेही पूर्ण खरं नाही, तिला अजून ती माणसं भेटली नाहीत एवढंच.

एक किस्सा घरी जेवताना सांगा, बाबांनाही पटेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये एअर कॅनडाचे सीईओ मायकेल रूसो यांनी माँट्रियलमध्ये भाषण केलं, जवळजवळ सगळं इंग्रजीत. पत्रकारांनी विचारलं तर म्हणाले मी चौदा वर्षं इथे राहतोय, फ्रेंच न बोलता माझं भागलं, आणि हे शहराचं कौतुक म्हणून सांगितलं हो! दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागली, फ्रेंच शिकतो असं कबूल करावं लागलं. मुंबईत वीस वर्षं काढून "मराठी की जरूरत ही नहीं पडी" म्हणणारा माणूस आपल्याला कसा वाटतो ते आठवा. आपण मराठी माणसं इथे येऊन चटकन इंग्रजीवाल्यांच्या बाजूला जाऊन बसतो आणि फ्रेंचवाल्यांना म्हणतो कशाला एवढा हट्ट, जग इंग्रजीत चाललंय, आणि हे म्हणताना आपल्या लक्षातही येत नाही की आपण कुणाचं वाक्य बोलतोय. असो, हे करिअरच्या बाहेरचं झालं, पण मुलीला पॉलिसीमध्ये वगैरे जायचं असेल तर फार बाहेरचंही नाही.

तुम्ही विचारलंय की तिला पहिलीतच फ्रेंच इमर्शनला, म्हणजे बरेचसे विषय फ्रेंचमधूनच शिकवतात त्या वर्गाला, घातलं नाही हे चुकलं का. नाही हो. घरी कुणालाच फ्रेंच येत नाही म्हणून घातलं नाही, असं तुम्ही लिहिलंय, ते कारण मात्र बरोबर नव्हतं, कारण इमर्शन बनलंच मुळी फ्रेंच न येणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी. १९६५ मध्ये माँट्रियलजवळ सेंट लँबर्टला इंग्रजी आयांनी शाळेच्या मागे लागून ते सुरू करून घेतलं, वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते त्यांनी ओळखलं होतं. बारा वर्षांत बिल १०१ हा भाषेचा कायदा आला आणि क्वेबेकमध्ये कामाची भाषा फ्रेंच झाली. पण इमर्शनची गाडी सुटली म्हणून सगळं गेलं असं नाही, आणि इमर्शनवाली सगळी मुलं फाडफाड बोलतात असंही नाही, बरीच जण हायस्कुलात कंटाळून सोडतात.

तुमची मुलगी शिकतेय ते कोअर फ्रेंच, म्हणजे फ्रेंच हा फक्त एक विषय. त्याबद्दल खरं बोलायचं तर आठवीपर्यंत ६०० तास होतात कागदावर, आणि तरीही मुलांना दुकानात पाव मागता येत नाही. शिक्षकांचा दोष म्हणावा तर एका वर्गात पंचवीस-तीस मुलं, फ्रेंचचे शिक्षक मिळत नाहीत ही जुनी रड, कित्येक ठिकाणी ज्याला स्वतःलाच जेमतेम येतं त्याला उभं करतात. त्यामुळे मुलगी वैतागली असेल तर ती फ्रेंचला वैतागली की त्या वर्गाला, हे आधी काढून घ्या तिच्याकडून. बहुतेक वेळा वर्गाला असतं. (शिक्षकांची ही टंचाई हीसुद्धा एक संधी आहे बरं का, ज्या मुलांना शिकवायला आवडतं त्यांनी बीएडला फ्रेंच घेतलं तर स्कूल बोर्डं पायघड्या घालतात. तुमच्या मुलीला नसेल आवडत, पण हे वाचणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.)

तर मग करायचं काय. ग्रेड १०, ११, १२ ची तीन क्रेडिटं घ्यायची, प्रत्येकी ११० तास, पण भिस्त त्यांच्यावर ठेवायची नाही. भाषा सुटते ती बाहेर. एक्सप्लोर नावाचा फेडरल पैशांवर चालणारा कार्यक्रम आहे, सोळा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी उन्हाळ्यात पाच आठवडे, फी आणि राहण्याखाण्याचा बराचसा खर्च त्याच्या बर्सरीतून, म्हणजे शिष्यवृत्तीतून भागतो. क्वेबेकमध्ये त्र्वा-पिस्तोल म्हणून नदीकाठचं छोटं गाव आहे, तिथे वेस्टर्न युनिव्हर्सिटीची जुनी इमर्शन शाळा आहे, नोव्हा स्कोशियात सेंट अ‍ॅन युनिव्हर्सिटी आहे, अशा ठिकाणी इंग्रजी बोलायलाच बंदी असते. पाच आठवडे दुसऱ्याच्या घरी राहून फ्रेंचमध्ये भात मागायचा, भांडायचं, मैत्री करायची, त्याने जे होतं ते शाळेच्या दोन वर्षांत होत नाही. मुलगी एकटी कशी राहील हा प्रश्न तुम्ही विचारणार हे मला माहितीये. राहील. आधी अर्ज वेळेत भरा, जागा मर्यादित असतात. घरी मॉरिल नावाचं रेडिओ-कॅनडाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात त्यांच्याच मालिका आणि बातम्यांचे तुकडे असतात, क्वेबेकचा उच्चार कानावर पडतो, आणि ते फार गरजेचं आहे कारण शाळेत पॅरिसछाप टेप ऐकून गेलेली मुलं क्वेबेकच्या बस ड्रायव्हरसमोर गप्प होतात.

ग्रेड १२ ला डेल्फ, म्हणजे फ्रान्सची फ्रेंच भाषेची परीक्षा, बरीच बोर्डं शाळेतूनच देऊ देतात. बी२ निघालं तर उत्तम, ते सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. बी१ निघालं तरी बरं, मग युनिव्हर्सिटीत पुढे नेता येतं. ओटावा युनिव्हर्सिटीत फ्रेंच इमर्शनची वेगळी सोय आहे, म्हणजे काही विषय इंग्रजीतून आणि काही फ्रेंचमधून घ्यायचे, आणि घरापासून लांब नको असेल तर टोरोंटोतच यॉर्क युनिव्हर्सिटीचा द्विभाषिक ग्लेंडन कॅम्पस आहे.

आणि तिला एक सांगा, तिच्या मराठीचा इथे फायदा आहे. तिच्या वर्गातल्या इंग्रजी मुलांना टेबल बाई कसं आणि पुस्तक बुवा कसं हेच पचत नाही, आपल्याकडे तर खुर्ची ती, पंखा तो आणि कपाट ते, तीन तीन लिंगं लहानपणापासून सांभाळतोय आपण. तू आणि तुम्ही कुणाला म्हणायचं हेही तिला आतून कळतं. फक्त मराठी शाळा बंद करून ती वेळ फ्रेंचला द्यायचा विचार असेल तर तो सोडा, घरात मराठीच ठेवा.

कॉम्प्युटरचं काय? वर्षाला आठ क्रेडिटं असतात, त्यात दोन्ही बसतं ग्रेड १० ला. खरी ओढाताण ग्रेड १२ ला होते, बायोलॉजी, केमिस्ट्री, मॅथ्स, इंग्लिश आणि वर फ्रेंच. अ‍ॅडमिशनला वरचे सहा विषय धरतात, त्यामुळे फ्रेंचचे मार्क चांगले असतील तर ते मदतच करतात, पण कधी फ्रेंच आणि केमिस्ट्री एकाच तासाला आली तर डोळे मिटून केमिस्ट्री घ्यायची, नर्सिंगला ती लागते. फ्रेंच नंतर शिकता येतं.

आता भाचा. पुण्यात सध्या फ्रेंचच्या क्लासेसचं पीक आलंय हे मला दिसतंय, तीन महिन्यांत फ्रेंच आणि कॅनडाचा पीआर (कायम राहायचा परवाना), अशा पोस्टरांनी चौक भरलेत. त्यात खरं एवढं आहे की २०२३ पासून एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुण देऊन पीआरसाठी माणसं निवडायच्या पद्धतीत, फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळे ड्रॉ निघतात आणि त्यांचा कट-ऑफ बाकीच्यांपेक्षा बराच खाली असतो, चारशेच्या आगेमागे, जिथे सर्वसाधारण ड्रॉ पाचशेच्या वर जातात. पण त्यासाठी वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं चारहींत कॅनडाच्या मोजपट्टीवर लेव्हल ७ पाहिजे, म्हणजे साधारण पुन्हा तेच बी२, आणि परीक्षा टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडाच चालते, डेल्फ चालत नाही, निकालही दोनच वर्षं धरतात. शून्यापासून तीन महिन्यांत हे होत नाही. नोकरी सांभाळून रोज दोन तास दिले तर वर्ष, बहुतेकांना दीड. जो क्लासवाला कमी सांगतो त्याला आधीच्या बॅचचे चारही निकाल दाखवायला सांगा, एकट्या रीडिंगचे नकोत. आणि या मार्गाने येणाऱ्याने क्वेबेकच्या बाहेर राहायचं असतं, क्वेबेक आपली माणसं स्वतः निवडतं. त्यामुळे होतं काय, लोक फ्रेंचच्या जोरावर येतात आणि मिसिसागाशेजारच्या ब्रॅम्प्टनला येऊन दिवसभर हिंदी-पंजाबीत बोलतात, वर्षभरात शिकलेलं सगळं गंजतं. त्याला म्हणावं येणारच असशील तर ओटावा किंवा न्यू ब्रन्सविकमधलं मंक्टन बघ, आणि नियम वरचेवर बदलतात तेव्हा एजंटच्या तोंडावर न जाता सरकारी वेबसाइट वाच.

तुमच्याकडे कोर्स सिलेक्शन साधारण जानेवारी-फेब्रुवारीत असतं. त्याआधी शाळेच्या गायडन्स कौन्सेलरला एकच प्रश्न विचारून ठेवा, की ग्रेड १२ चा फ्रेंचचा वर्ग दरवर्षी भरतो का. काही शाळांत मुलंच उरत नाहीत म्हणून तो रद्द होतो नाहीतर अकरावी-बारावी एकत्र बसवतात. तसं असेल तर ते क्रेडिट ऑनलाइन किंवा समर स्कूलमध्ये घ्यावं लागेल, आणि ते आत्ताच माहीत असलेलं बरं.